पिवळ्याखाली रंग नाही

बुधवार, ता. १२

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही ठीक, तुम्हीही सगळे ठीक असाल. अक्षर बघून हसू नकोस, डाव्या हाताचं आहे. अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा अजून रजेवरच आहे.

त्या हातासाठी गेल्या महिन्यात तुझ्या वहिनीबरोबर व्यायामाचे रबरी पट्टे आणायला गेलो. पिवळा सगळ्यात मऊ; मग लाल, हिरवा, निळा, काळा. दुकानदाराने पिवळा पुढे केला. तीस वर्षं लेंग्यांना इलॅस्टिक घालणाऱ्या शिंप्याला हा काय शिकवणार? एक टोक हिच्या हातात देऊन मी एकेक ताणून पाहिला, पिवळ्यात दम नाही म्हणालो आणि काळा घेतला. ही इतकी खूश, की वाटेत भेटेल त्या गिऱ्हाइकाला आपलं दुकान पुन्हा उघडतंय म्हणून सांगत आली.

घरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून उजव्या हातात धरला, तेव्हा उमगलं. दुकानात मी सगळे पट्टे डाव्या हाताने ताणले होते. काळा तसूभर हलला नाही. निमूट पिवळा बदलून आणला. तोही हलला नाही. पिवळ्याखाली रंगच नाही रे.

आता ही रोज समोर बसून मोजते. मी पट्टा मनगटात अडकवून अंग मागे टाकतो, पट्टा ताणला जातो, आणि ही समाधानाने चहा टाकायला उठते. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मात्र काल पकडलं. ही आत गेल्यावर हळूच म्हणाल्या, “काका, हे कमरेचं काम आहे. हात आता परत येईल असं वाटत नाही.”

आणि हिने माझ्या हाताच्या भरवशावर शाळेचे चाळीस गणवेश शिवायला घेतलेत. कापड येऊन पडलंय.

मूळ मुद्दा टाळत इथवर आलो. तुला दुकानातून काढताना मी चारचौघांत म्हणालो होतो, तुझा हात कात्रीला बसत नाही. खोटं होतं ते. गिऱ्हाइकं तुला विचारत येऊ लागली होती आणि माझ्या पोटात दुखत होतं. नऊ वर्षं गिळून बसलो. आज गरज पडल्यावर तोंड उघडतोय, हे तुलाही कळेलच.

गणवेश तेवढे कापून दे, शिवायचं ही बघेल. आलास तर सहज आल्यासारखा ये, हिला काही बोलू नकोस. येशील असं वाटत नाही. तुझ्या जागी मी असतो, तर आलो नसतो.

तू अजून म्हणत असशील तर,
तुझा दादा