ठकूचे उंदीर

१४ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय ताई,

मी बरी आहे. तूही असशील असं धरून चालते. हे पत्र तुझ्या ग्रंथालयात देऊन जाते आहे, घरी नाही. फोनवरही लिहीत नाही, कारण तुझा फोन तू एकटीच बघत नाहीस. आधी घडलं ते सांगते.

१. ठकूने पाळलेल्या भोपळा आणि बटण या दोन उंदरांचा पिंजरा भाऊजींनी महिन्यापूर्वी माझ्या दारात आणून ठेवला. "हे रोगट आहेत, यांच्यामुळे पोरीच्या डोक्याला चाई पडली," म्हणाले.

२. भोपळ्याच्या पाठीवर खपल्या होत्या. बटणच्या पुढच्या पायांवर केस नव्हते.

३. दोघांच्या कातडीचे नमुने मी आमच्या प्राण्यांच्या दवाखान्यातल्या लॅबमध्ये तपासले. खरजेचे किडे नाहीत. बुरशीची चाचणी पूर्ण मुदतीपर्यंत ठेवली, तीही नाही.

४. तरीही दोघांना शनिवारी सकाळी इंजेक्शन देऊन संपवायचं, असं भाऊजींनी आमच्या दवाखान्यात परस्पर ठरवलं आहे.

५. पाचवं ठकूबद्दल आहे, ते शेवटी लिहिते.

भोपळ्याचं आधी. वयात आलेल्या नर उंदराच्या पाठीवर पिवळट, तेलकट थर येतो. तो रोग नाही आणि मळही नाही. भाऊजींनी मळ समजून भांड्यांच्या साबणाने रोज ब्रश मारला. कातडी कोरडी पडून सोलली, म्हणून खाज सुटली. खाजवतोय म्हणून त्यांनी आणखी घासलं. मी अंघोळ बंद केली, पिंजऱ्यातला लाकडाचा भुसा काढून कागदाचे तुकडे घातले, मागच्या पायांची नखं कापली, खाण्यात जवसाच्या तेलाचे थेंब टाकले. एवढंच. आता पाठ अशी झाली आहे की साहेब दिवसभर स्वतःच चाटत बसतात.

बटणला कुणी घासलं नव्हतं. तो स्वतःचेच केस कुरतडत होता. सतत घाबरलेला उंदीर असं करतो. पिंजरा तुमच्या बैठकीच्या खोलीत होता, भाऊजींच्या खुर्चीमागे. माझ्याकडे तो मागच्या खोलीत आहे, तिथे कुणी मोठ्याने बोलत नाही. त्याच्या पायांवर लव आली आहे.

आता पाचवं.

रविवारी तू ठकूला माझ्याकडे सोडलंस. ती भोपळ्याला मांडीवर घेऊन बसली होती.

"मावशी, यांनी मला आजारी केलं की मी यांना?"

"कुणीच कुणाला नाही."

"मग बाबा का म्हणतात?"

"बाबांना उंदरांतलं काही कळत नाही."

"आणि तुला सगळं कळतं?"

"उंदरांतलं, हो."

"आई म्हणते, तुझं लग्न मायक्रोस्कोपशीच लावून द्यायचं."

"आईला सांग, स्थळ बरं आहे. कमी बोलतं."

खूप हसली. तेवढ्यात खाली कुणीतरी गाडी लावण्यावरून ओरडायला लागलं. ठकूचं हसू थांबलं. तिचा हात कानामागे गेला, एक केस तिने बोटाभोवती गुंडाळला आणि ओढला. मग दुसरा. आपण काय करतो आहोत याकडे तिचं लक्षच नव्हतं.

"दुखत नाही का गं?"

"ओढला की थोडा वेळ आवाज ऐकू येत नाही."

मी माणसांची डॉक्टर नाही. पण चाई गुळगुळीत असते. ठकूच्या त्या जागेवर लहानमोठे तुटलेले केस आहेत. तिला मलम नको, लहान मुलांच्या मनाचे डॉक्टर हवेत.

हे तुला माहीत आहे, असं मला वाटतं. तिची वेणी रोज तूच घालतेस. हल्ली भांग दुसऱ्या बाजूला पाडतेस आणि कानामागे रुंद पट्टी लावतेस.

भाऊजी हात उचलत नाहीत, हे तू मला दोनदा सांगितलंस. मी विचारलं नव्हतं.

आताही विचारत नाही. एवढंच सांगते की शनिवारी उंदीर मेले, तर ते आपल्या डोक्यावरच्या चाईपायी मेले असं ठकू धरून बसेल. मग तिचा हात कुणाला थांबवता येईल, मला माहीत नाही. ती आठ वर्षांची आहे. तिला खोटं कारण देऊन आपण सगळे मोकळे होणार, आणि ती ते आयुष्यभर वागवणार.

उंदीर माझ्याकडे असले तरी दवाखान्याच्या नोंदीत त्यांची मालकीण म्हणून नाव तुझं आहे. तू नको म्हणालीस तर डॉक्टर इंजेक्शन देणार नाहीत. मी नको म्हणून उपयोग नाही, मी तिथली नोकर माणूस आणि उंदरांच्या मालकिणीची बहीण. मी आधीच बोलून बघितलं आहे.

भाऊजी चिडतील. कागदावर ते सोपं दिसतं, घरात तुला ऐकावं लागेल, हे मला कळतं. माझ्याकडे एक गादी जास्तीची आहे. ठकूसाठी घालून ठेवली आहे. तुझ्यासाठी आणखी एक आणायला मला अर्धा तास लागेल.

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत दवाखान्यात उत्तर पोचव. कारण लिहू नकोस. "नको" आणि खाली तुझी सही, एवढं पुरे आहे.

काहीही कळवलंस तरी तुझीच,
धाकटी