शेंगदाण्यावाचून येळवस

हदगाव, कार्तिक वद्य पंचमी, सन १३५४ फसली

तीर्थरूप आईस सिंधुचा दंडवत.

आम्ही सगळी खुशाल. म्हैस व्याली, कापूस घरात आला, आत्याबाईंचा खोकला गेला. भुजंगदादा हे वाचून दाखवील. दादा, मध्ये स्वतःच्या पदरचं घालू नकोस.

आई, माझे हात बरे आहेत. इसबाचा डाग राहिला नाही.

तुला ठाऊकच आहे, हातांसाठी सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, माहूरच्या देवीला साकडं घालून मला मंगळवार-शुक्रवार धरायला लावले. उपासाला भगर आणि शेंगदाण्याची आमटी. दुसऱ्या दिवशी बोटांच्या बेचक्या लालभडक, खाजवून खाजवून पाणी सुटायचं. मग त्या म्हणायच्या, उपास कमी पडून राहिले, सोमवारही धर. भादव्यात घरातले शेंगदाणे सरले, नुसत्या भगरीवर राहिले, तर हात आपोआप बरे झाले. नवरात्रात नव्या शेंगा आल्या आणि मला भाकरी थापता येईना. तेव्हा आत्याबाईंनीच कपाळाला हात लावला. "सिंधे, देवी न्हाई कोपली. हे शेंगदाणेच तुला सोसत न्हाईत."

आता खरं लिहायचं ते. दर खेपेला मी माहेराहून हात फुटून यायची, म्हणून तिकडचं पाणी मला बाधतं असं इथं ठरलं होतं. नागपंचमीला धाडलं नाही ते त्याचमुळं. किती रडले ते दादासमोर लिहीत नाही. आता मार्गशीर्ष अवसेला, येळवशीच्या शेतपूजेला धाडतो म्हणतात, पण पुन्हा हात फुटले तर तिकडचं पाणीच वाईट म्हणून माहेर कायमचं बंद. यांनीही मान डोलावली.

म्हणून आई, येळवशीच्या भज्जीच्या कालवणात शेंगदाणे घालू नकोस. माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटू नकोस. मागे माझे हात पाहून तू रडलीस आणि वाळली माझी लेक म्हणत दुप्पट चटणी वाढलीस. तेव्हा मला तरी कुठं ठाऊक होतं? आता ठाऊक आहे, पण तू समोर वाढलंस तर माझ्यानं नाही म्हणवणार नाही. म्हणून आधीच लिहून राहिले.

राग मानू नकोस. मला तुझी लई आठवण येते गं. तुझ्या हातचं खाल्लं नाही म्हणून मी परकी झाले असं मनात आणू नकोस. शेतात कडब्याच्या कोपीजवळ मला नुसती आंबील दे आणि माझे हात हातात घेऊन बस. ते आता धरण्यासारखे झालेत.

तुझीच,
सिंधु