पॅस्ट्रामी कोणत्या दुकानात खावी

अल-खोबर, सौदी अरेबिया, १९७७

प्रिय एलियाजर यास,

सिराजुद्दीनचा सलाम. माझी तब्येत बरी आहे, फक्त वाळूने घसा बसला आहे. तू, वहिनी आणि रिबकामावशी खुशाल आहात असे धरून चालतो, कारण तुझ्या पत्रात त्याबद्दल अक्षर नाही. दोन्ही पाने खाण्यानेच भरली आहेत.

कंपनी मला ट्रेनिंगला न्यूयॉर्कला पाठवते आहे, मधला फक्त शनिवार मोकळा आहे आणि हलाल कुठे मिळेल, एवढेच मी विचारले होते. त्यावर तू तुमच्या न्यूयॉर्कमधल्या ज्यूंच्या जुन्या डेल्यांचे, म्हणजे मांसाच्या खाणावळींचे, पुराण लावलेस. इथे पॅस्ट्रामीचे, म्हणजे त्या मसालेदार धुरावलेल्या गोमांसाचे, काप जाड, तिथे पातळ, इथली काकडी आंबट, तिथला वेटर उद्धट (आणि लोक म्हणे त्या उद्धटपणासाठीच जातात). आमच्या कॅम्पात एकाचे पत्र आले की ते सगळ्यांसमोर वाचायची पद्धत आहे. मी वाचले आणि फसलो. संगमेश्वरचा फिटर बाळाराम (हा अंडेसुद्धा खात नाही) म्हणतो, वेटर ओरडतो तिथलेच अन्न ताजे. मेसचा आचारी हुसेनमियाँ म्हणतो, पातळ काप म्हणजे मालकाची दानतच पातळ. आमचा साहेब न्यूयॉर्कचा. त्याने दोघांनाही वेड्यात काढून तिसरेच दुकान सांगितले, आणि त्यावरून शेजारच्या टेबलावरच्या साहेबाशी त्याचे इतके बिनसले की दोघांच्या सह्यांवाचून माझे देशाबाहेर जायच्या एक्झिटचे कागद चार दिवस लोळत पडले. ज्याला जेवायचे आहे त्याला कुणी विचारलेच नाही.

शेवटी हुसेनमियाँने निकाल दिला की ज्यू धर्माचे नियम काटेकोर पाळणाऱ्या दुकानातच जायचे, तिथले मांस आपल्याला चालते. सगळ्यांना पटले. साहेबालाही पटले, आणि मग तोच हळूच म्हणाला, "पण ती दुकाने शनिवारी बंद असतात."

इथे शुक्रवारच्या सुटीवर जगणाऱ्यांना हे सुचले नाही, त्यांना माफ. पण तुला, एलियाजर? तुम्ही ज्यू, तुझ्या आजोबांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असायचा म्हणून अख्खे रेवदंडा तुम्हाला शनवार तेली म्हणत होते. शनिवारी मावशी चुलीला हात लावत नसे, विस्तव करायला कुंपणावरून मलाच हाक मारायची. आणि त्या घरातला तू मला शनिवारसाठी कुलूप लावलेल्या दुकानांचे पत्ते बस नंबरासकट पाठवतोस. याला काय म्हणावे ते मला मराठीत सुचते, पण वहिनी पत्र वाचतील.

अजून तरी तुझाच,
सिराजुद्दीन

ता. क. कागदांवर सह्या झाल्या. साहेब लोक अजून बोलत नाहीत.

आणखी एक ता. क. हे कॅम्पात वाचून दाखवणार नाही. मला पॅस्ट्रामीचे काही पडलेले नाही. दोन पानांत 'घरी ये' एवढे लिहायला तुला जागा मिळाली नाही, याचे वाईट वाटले. तरी मी शनिवारी सकाळी तुझ्याच घरी येतो आहे. शुक्रवारी शिजवून ठेवलेले गार जेवण चालेल. आणि मावशीला चहा हवा असेल तर तिला म्हणावे, थांब, काडी ओढायला सिराज येतो आहे.