उंच गवतात एकट्याला जाऊ देणेबाबत

दिनांक : १९ सप्टेंबर

प्रति,
मा. अधीक्षक,
बर्चर ओढा प्रेअरी राखीव कुरण,
कॅन्सस.

विषय : बायसनच्या (रानगव्यांच्या) कळपाकडील पायवाटेने एकट्याने फिरण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या फाटकावरील पाटी – ‘सध्या गवत डोक्यावर गेले आहे. दोघांनी मिळून जावे. हाकेला ओ द्यावी.’

महोदया,

१. मी खाली सही करणारा डेल्बर्ट उन्रू, धान्याच्या सहकारी कोठारावरचा निवृत्त कामगार. दर सप्टेंबरात पत्नी आर्लीनसह आपल्या कुरणात येत असे. गवताच्या बुडाशी लपलेली जेन्शियनची निळी फुले शोधण्याचा तिला नाद होता. ती वाकली की दिसेनाशी होई. मी हाक मारी आणि ती “आहे रे बाबा, बायसनने नेलं नाही अजून” अशी ओ देई. गेल्या हिवाळ्यात ती वारली.

२. पाटीचा मान राखून मी जोडीदार शोधला. चर्चमधले वॉल्डो श्मिट आले, ते गोचिडींच्या धास्तीने गाडीतून उतरलेच नाहीत. मेहुणे आले, ते वाटभर ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सवर बोलत राहिले. रानकोंबड्या उडून गेल्या, फूल एकही दिसले नाही.

३. म्हणून गेल्या मंगळवारी मी आर्लीनची उन्हाची टोपी सोबत आणली व फाटकावर दोघांची नावे सांगितली. आपल्या कर्मचारी रोंडाबाई म्हणाल्या, “काका, टोपी काही ओ देणार नाही हो.” त्यांचे म्हणणे नियमाला धरून होते. मी गाडीत बराच वेळ बसून परत गेलो.

४. सबब, मला एकट्याला जाऊ द्यावे. मी हरवणार नाही. हरवलोच, तर घरी वाट पाहणारे कोणी नसल्याने आपल्या कार्यालयास कोणाला कळवण्याची तसदी पडणार नाही.

५. हे नियमात बसत नसल्यास रोंडाबाईंनी फाटकावरूनच मधूनमधून मला हाक मारावी. मी ओ देईन, म्हणजे पाटीचेही पालन होईल. मात्र ‘काका’ न म्हणता ‘डेल्बर्ट’ म्हणावे, ही जादा विनंती. त्या नावाने मला हिवाळ्यापासून कोणी हाक मारलेली नाही. फार एकटे वाटते.

आपल्या हाकेच्या अंतरातला,
डेल्बर्ट उन्रू

सोबत : दोन्ही कानांनी नीट ऐकू येत असल्याचा डॉक्टरांचा दाखला.