घुबडगुहा आणि वीस मिलिमीटर

३ मार्च, सोमवार

झालं! घुबडगुहेचं अंतराळमांजर होणार!

सकाळी नऊला साहेबांनी करमणूक उद्यानातल्या सगळ्या कामगारांना कॅन्टीनमध्ये उभं करून रंगीत चित्रं दाखवली. एकतीस वर्षं काळोखात होडीतून जाणाऱ्या लोकांवर डोळे वटारणारं आमचं म्हातारं यांत्रिक घुबड जाणार. त्याच्या जागी काचेचं शिरस्त्राण घातलेलं गुलाबी मांजर. कुठल्याशा कार्टूनमधलं. कारण काय, तर म्हणे आजच्या मुलांना घुबड आपलं वाटत नाही. अंतराळात फिरणारी मांजरं मात्र घरोघरी आहेत!

एक एप्रिलपासून चार महिने राइड बंद. मी टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून. बाकीचे माझ्याकडे बघत राहिले, कारण त्या गुहेची मेकॅनिक मी — सोळा वर्षं. त्यांना वाटलं, धक्क्यानं बाईचं डोकं फिरलं.

डोकं ठिकाणावर आहे. होड्या वर ओढणारी चढावरची साखळी आता थकली आहे, आणि राइड बंद झाल्याशिवाय ती बदलता येत नाही. नव्या सजावटीबरोबर नवी साखळीही मंजूर झालीय. मग मांजर येवो नाहीतर उंट येवो, मला काय त्याचं!

४ मार्च

पहिली होडी नेहमीप्रमाणे माझी. सगळे दिवे लावून एकटीनं फेरी मारायची, चढापाशी उतरून साखळी मोजायची, मग कार्डावर सही. माझी सही झाल्याशिवाय दारावरची दोरी निघत नाही. साहेबांनी सांगितलं तरी नाही. सोळा वर्षांच्या नोकरीत एवढाच काय तो माझा रुबाब.

वीस कड्यांची लांबी नवी असताना बरोब्बर एक मीटर. साखळी झिजते तशी लांबते. वीस मिलिमीटरच्या वर लांबली की बाद. राइड बंद, चर्चा नाही. आज अठरा भरली. चढ दोन मजले उंच आहे आणि एका होडीत बारा माणसं बसतात, हे कार्डावर कुठे लिहायचं नसतं.

साहेबांच्या कानावर घातलं. "अठरा म्हणजे वीसच्या आतच ना? मग! एक तारखेला बंदच करतोय. तोवर घ्या सांभाळून."

घेते सांभाळून. दुसरं करते काय मी!

६ मार्च

'घुबडगुहा वाचवा' नावाचा ग्रुप निघाला. तीन दिवसांत नऊ हजार माणसं. आणि अध्यक्ष कोण? आमच्या ताईसाहेब! माझी सख्खी थोरली बहीण. दिवसभर प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासते आणि संध्याकाळी फोन करून माझं आटवते.

"तू आतली माणूस असून गप्प कशी बसतेस गं? काहीतरी कर ना!"

करतेय की. साखळी मोजतेय. पण हे तिला सांगायची सोय नाही. एकतर आतल्या दुरुस्त्यांबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही, असं नोकरीच्या कागदावर लिहिलंय. आणि ताईला सांगणं म्हणजे नऊ हजार लोकांना सांगणं. मधे चहा प्यायलाही थांबणार नाही ती.

८ मार्च

ग्रुपवर एक 'प्राध्यापक' आहे. कुठे शिकवतो, काय शिकवतो, कुणालाच माहीत नाही. त्यानं घुबडाच्या डाव्या डोळ्यावर अकरा भागांचा लेख लिहिलाय. घुबड डावा डोळा मिटतं आणि उजवा उघडा ठेवतं, कारण ते 'अर्धं या जगात आणि अर्धं पलीकडच्या जगात' आहे. खाली चारशे लोक रडले. एकानं तो डोळा दंडावर गोंदवून घेतलाय!

नऊ वर्षांपूर्वी उजव्या पापणीची स्प्रिंग तुटली. तशी दुसरी मिळेना. मी तार कापली आणि पापणी वर चिकटवून टाकली. दहा मिनिटांचं काम. घुबड तेव्हापासून दोन्ही जगांत आहे.

आणखी एका बाईंना गुहेतला 'आदिम गंध' जपायचाय. तो भिजलेल्या प्लायवुडवरच्या बुरशीचा वास आहे. बाटलीत भरून देते, न्या म्हणावं घरी.

९ मार्च, रविवार

ताईकडे जेवायला. जेवण बाजूला, भाषणच जास्त. आता विरुद्ध पक्षही निघालाय — 'बदल हवाच'. त्यांचा पुढारी फोटोत मांजराचं शिरस्त्राण घालून बसतो, म्हणून ताई त्याला 'टोपडं' म्हणते. टोपडं म्हणतं, घुबडवाले म्हातारे आहेत, त्यांना फक्त स्वतःचं लहानपण पुन्हा हवंय. ताईनं त्याला सतरा मुद्दे लिहून पाठवले. मला मोठ्यानं वाचून दाखवले. सतराच्या सतरा! माझी भाजी गार झाली.

भांडी घासताना मी म्हटलं, "अगं, एक जुनं यंत्र आहे ते. एवढं काय त्यात?"

तिनं नळ बंद केला. "आई गेली तेव्हा तू अकराची होतीस, मी सतराची. दर रविवारी तुला तिथे आणायचे. तुला वाटायचं तुझ्यासाठी. तिथे अंधार असायचा म्हणून आणायचे गं. तू घुबड बघायचीस, मी रडून घ्यायचे. घरी बाबांसमोर कुठे रडणार?"

एकतीस वर्षांत हे कधी बोलली नव्हती. मी एकच ताट पुसत राहिले.

१२ मार्च

साखळी एकोणीस. दोन्ही ग्रुपवर आज मांजराच्या शेपटीच्या लांबीवरून जुंपलीय. मोजायचीच आहे तर या म्हणावं इकडे, पट्टी देते.

१५ मार्च, शनिवार

उद्यानाच्या सभागृहात जाहीर चर्चा. साहेब मधे, डावीकडे घुबड, उजवीकडे मांजर. मला माईक लावायला बोलावलं होतं, मेकॅनिक म्हणजे सगळ्याच तारांची मेकॅनिक!

प्राध्यापकानं बावीस मिनिटं तारे तोडले. टोपड्यानं विचारलं, "तुम्ही शेवटचे कधी बसलात या राइडमध्ये?" प्राध्यापक म्हणाला, आठवणीत रोज बसतो. टाळ्या! मग टोपड्याला कुणीतरी तोच प्रश्न विचारला. ते एकदाही बसलेलं नाही. तरीही टाळ्या!

शेवटी ताई उठली. कागद नाही, मुद्दे नाहीत. म्हणाली, "नवीन जरूर करा. शेजारी मोकळी जागा आहे, तिथे करा. ज्यांना अंधारात पाच मिनिटं बसायचं असतं त्यांची जागा कशाला घेता?" साहेबांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मला बहिणीचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी साखळी आठवली. तिचं म्हणणं साहेबांना पटताना दिसत होतं.

१८ मार्च

घुबड जिंकलं! मांजर रद्द! 'रसिकांच्या भावनांचा आदर राखून' वगैरे वगैरे. एक तारखेला राइड बंद होणार नाही. ताईनं फोनवर आनंदानं किंकाळी फोडली. मी "वा वा" म्हटलं. दोनदा म्हटलं, एकदा म्हटलं तर संशय आला असता.

१९ मार्च

साहेबांना विचारलं, साखळीचं काय?

"सजावटीच्या कामातच होती ना ती? सजावट गेली, ती पण गेली. आता नवीन मंजुरी घ्यायची म्हणजे पुढचं वर्ष. आणि आत्ता, या विजयाच्या आठवड्यात, मी राइड बंद करू? लोक म्हणतील मागच्या दारानं मांजर आणतोय!" मग आवाज खाली आणून, "बाई, वीसच्या आत आहे ना?"

आहे म्हटलं. आहे — आज.

२२ मार्च, शनिवार

शनिवारी राइड थांबल्यावर पुन्हा एकदा मोजून आकडा कार्डाच्या मागे लिहायचा असतो. एकवीस.

तीनदा मोजली. एकवीस.

उद्या सकाळी 'विजयफेरी' आहे. ग्रुपमधले पंचेचाळीस जण, चार होड्या. साहेबांनी फोटोग्राफर बोलावलाय. ताईनं स्वतः बसून पंचेचाळीस घुबडाचे मुखवटे कापलेत, बोटांना फोड आलेत तिच्या. फोन हातात घेतला. नंबर लावला नाही.

२३ मार्च, रविवार

दाराबाहेर आठपासून घुबडं. ताई सगळ्यात पुढे, दोरीला हात लावून उभी. मला बघून मुखवटा वर केला आणि लहान मुलीसारखी हसली.

साखळी ताणून मोजायची असते. सैल असताना कड्या एकमेकींत सरकून बसतात, आकडा कमी येतो. सोळा वर्षांत मी कधी सैल मोजली नव्हती. आज मोजली. वीस! वर नाही, आत नाही, बरोब्बर वीस. कार्डावर 'ताणून की सैल' असा रकाना नाही. सही केली.

चारही होड्या वर जाईपर्यंत मी चढाच्या पायथ्याशी होते, थांबवायच्या बटणावर हात ठेवून. पहिल्या होडीत पुढच्या बाकावर ताई. वर पोचता पोचता साखळी एकदा खाडकन वाजली. लोकांना वाटलं राइडमधलीच गंमत आहे, मोठ्यानं ओरडले. चौथी होडी वर गेली आणि मी मागच्या खोलीत जाऊन बादलीत ओकले.

संध्याकाळी ताईचा मेसेज : फोटोत तू किती छान हसतेयस!

२४ मार्च

आज ताणून मोजली. एकवीस. सही केली नाही.

साहेब धावत आले. आधी विनवणी, मग दरडावणी, मग नोकरीची आठवण. शेवटी म्हणाले, "काल चालली ना? मग एका रात्रीत असं काय झालं?"

उत्तर माझ्याकडे होतं. दिलं नाही. दोरी मात्र काढू दिली नाही.

२५ मार्च

ग्रुपवर माझं बारसं झालंय : 'मांजराची मावशी'. मी विकली गेलेय. टोपड्याच्या लोकांनी मला फितवलंय. प्राध्यापकानं 'अंतर्गत कट' या विषयावर पहिला भाग टाकलाय, उरलेले दहा येतीलच. मला मांजरवाल्यांनी नेमकं काय दिलं असेल, यावरही चर्चा आहे. मलाही जाणून घ्यायचंय!

दुपारी ताईनं लिहिलं. आमचं नातं ग्रुपवर तिनं आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं. "ती मेकॅनिक माझी धाकटी बहीण आहे. ती बंद म्हणाली म्हणजे बंद. सोळा वर्षांत तिनं एकदाही खोटी सही केलेली नाही. रविवारी माझ्या माणसांना मी त्या होडीत बसवलं, ते तिची सही बघूनच."

एका तासात सगळे गप्प. प्राध्यापकानंसुद्धा लेख काढून टाकला.

तो मेसेज मी किती वेळा वाचला कुणास ठाऊक. जेवण गेलं नाही. दिवसभर मला कुणाचीच चेष्टा सुचली नाही.

२७ मार्च

सही नाही म्हणजे राइड नाही, आणि तीन दिवस दार बंद म्हटल्यावर साहेबांचं घोडं हललं. आज साखळी उतरवली. वेल्डर एकेक कडी फडक्यानं पुसत होता. मधेच थांबला. एका कडीची पिन त्यानं नुसत्या बोटांनी ओढून काढली. निम्मीसुद्धा उरली नव्हती.

"ही दोन दिवसांची झीज नाही बाई," म्हणाला. "महिनाभर तरी असंच चाललं असणार." मग माझ्याकडे बघितलं आणि पुढची कडी पुसायला घेतली.

ग्रुपची समजूत पटावी म्हणून साहेबांनी अध्यक्षांना उद्या आमच्या दुरुस्तीच्या कारखान्यात बोलावलंय. साखळी दाखवायला. कार्डंही दाखवा म्हणालेत, म्हणजे आपण किती काटेकोर आहोत ते कळेल.

२८ मार्च

ताई आली. पिन तळहातावर घेऊन बघितली. मग कार्डं मागितली, पुढून वाचली, मागून वाचली. दिवसभर आकडेच वाचते ती. मिनिटसुद्धा लागलं नाही.

"शनिवारी संध्याकाळी एकवीस. रविवारी सकाळी वीस." बाकी सगळे ऐकत होते, म्हणून हळू बोलली. "लोखंड आखडतं का गं?"

मी म्हटलं, नाही.