टिकली लावलेला गोल

परळ, सोमवार

सरोजिनीताईस धाकट्या सुचित्राचा सप्रेम जय भीम.

गुडघा कसा आहे? इकडे बरं आहे. परळहून शिवडीला पत्र टाकावं लागतंय, कारण माझं नाव दिसलं की तू फोन कापतेस. तुझ्या मानसीच्या सासूसमोर मी आपल्या घरच्या रक्ताचं बोलले ते चुकलं. (खोटं नव्हतं.)

तर आमच्या संघर्षला घेऊन लॅबमध्ये गेले. दोघं उपाशी. तिथली प्रितीमॅडम म्हणाली, मावशी, उपाशी यायला कोणी सांगितलं? कोणीच नाही. रक्त द्यायचं म्हणजे उपाशी जायचं, एवढं मला कळतं. मग मी चक्कर येऊन पडले, आणि ज्याचं रक्त थांबत नाही तो पोरगा मला पाणी पाजत बसला. नंतर मॅडमने घराणं विचारलं. मी नवऱ्याकडचे सगळे सांगितले, कोण कशाने गेला त्यासकट (अठरा वर्षं त्यांनाच बोल लावतेय). तिने ऐकून घेतलं, कागदावर एक रेघ मारली नाही. म्हणाली, हे आईकडून येतं, माहेरचं सांगा. मग कागदावर आपलं घराणं काढलं: पुरुषाचा चौकोन, बाईचा गोल, आजारी तो काळा. आपला रामजीमामा दात काढून आला आणि रक्त जाऊन गेला, आपण दातवाल्याला शिव्या घातल्या, त्याचा चौकोन काळा. संघर्षचा काळा. आईच्या गोलात मधोमध ठिपका, माझ्याही. टिकली लावल्यासारखा. बाई बहुतेक धडधाकट राहते आणि पोराला देते.

रक्तात मोठं पुस्तक असतं म्हणे. त्यातली काही पानं उलटी शिवली गेली की झालं. आधी ती उलटी पानं शोधतात, नाही सापडली तर अक्षर न् अक्षर वाचतात. (मी चौथीतच कंटाळले होते.) संघर्षचं पहिल्याच फेरीत सापडलं. आता कुठे बघायचं ते ठाऊक आहे, म्हणून बाकीच्यांचं सोपं. तुझ्या गोलात प्रश्नचिन्ह आहे. तू रक्त दे. तुझ्यात नसलं तर मानसीला सुई नको. तिला तिसरा लागलाय, तुझ्या रुसव्यासाठी बाळ थांबणार नाही.

उपाशी येऊ नकोस.

तुझी,
सुचित्रा

ता. क. नणंदेची माफी मागितली. तिने माझं अठरा वर्षांतलं एकेक वाक्य म्हणून दाखवलं. पाठ होतं.

आणखी ता. क. मानसीने गेल्या बुधवारीच रक्त दिलं. आपणहून आली, आईला सांगू नको म्हणाली. भीती नाही म्हणते, पण रक्त मिनिटात थांबलं तरी कापूस तासभर दाबून बसली होती. रिपोर्ट येत्या शुक्रवारी अकराला. तिला मी नकोय, तू हवीस. मी दाराबाहेर बसेन, तोंड उघडणार नाही. (बघते.)