मागे बघत नाही. सुधारणे.

३ नोव्हेंबर, सोमवार

वर्षा आज पन्नास सेकंदांत बाद. शुक्रवारी चाळीस होते. म्हणजे प्रगती म्हणायची! मी मैदानाबाहेरून बोंबलून राहिलो, "मागं बघ! बघ मागं!" बघितलं तिनं. बघितलं आणि सापडली. बसलेल्या पोरीनं खो घेतला, उठली, हात लावला. पळायचं कामच पडलं नाही.

तीस तारखेला लातूरला राज्य संघाची निवड चाचणी. व.चं हे शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षी वयात बसत नाही. बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाली, "सर, यंदा निवड न्हाई झाली तर सोडते खो-खो. लॅबच्या कोर्सला नाव घालते." रडली नाही. रडली असती तर दोन शब्द बोलता आले असते.

मार्चमध्ये मी रिटायर. सव्वीस वर्षं पोरींना पळवलं. हिच्याएवढी चपळ एक नाही आली. आणि हिचंच असं का व्हावं?

६ नोव्हेंबर, गुरुवार

मंगल म्हणाली, कपाटातल्या तुमच्या वह्या रद्दीत घालू का. खेकसलो बायकोवर. मग वाईट वाटलं म्हणून स्वतःच आवरायला बसलो. सरावाच्या वह्या, वर्षवार. दोन वर्षांपूर्वीची उघडली.

"अर्धापूरची नवीन मुलगी, वर्षा. चार मि. दहा से. नाबाद. कोणालाच सापडली नाही. मागे बघत नाही. सुधारणे."

'सुधारणे'खाली लाल पेनानं दोन रेघा. अक्षर माझंच. नाही कसं म्हणू.

पुढची पानं बघितली. तीन मि. चाळीस. तीन मि. दोन मि. वीस. पानागणिक उतरत गेलेलं आहे आणि प्रत्येक पानावर माझा शेरा, "आता बघू लागली. छान." छान! चष्मा काढून ठेवला. जेवण गेलं नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पण न बघता तिला कळायचं कसं? पाठलाग करणारी कुठे आहे, खो कुणाला मिळाला, हे बघितल्याशिवाय कळतं का कधी? मला तरी माझ्या सरांनी हेच शिकवलं, नजर हटली की गडी मेला. व.ला विचारलं. "काय की सर," म्हणाली. आणि अशी बघायला लागली, जणू मी तिची परीक्षाच घेऊन राहिलो.

९ नोव्हेंबर, रविवार

अर्धापूरला गेलो. वर्षाच्या आईला सांगायचं होतं की तीस तारखेपर्यंत पोरीला कोर्स-बिर्सचं बोलू नका. बाई घरी नव्हत्या, केळीच्या बागेत कामाला. तिथंच गेलो. आठ-दहा बायका घड वाहून आणत होत्या.

"जयभीम सर! इकडं कुठं वाट चुकलात?"

म्हटलं, तुमची पोरगी कुठं शिकली पळायला, ते बघायला आलो. हसल्या. "ती काय शाळंत शिकली का? आम्ही कामाला लागलो की ही लेकरं इथंच बागंत शिवाशिवी खेळायची. मालक वरडायचा, पानं फाडून राहिले म्हणून. हिच्यावर राज्य आणायला मोठी पोरंबी दमायची."

आत आताही चार-पाच पोरीसोरी खेळत होत्या. आत शिरलो. दोन हातांवरचं दिसत नाही, पुढं खोड, मागं खोड, वर पान. म्हटलं, धरा मला. अठ्ठावन्नाव्या वर्षी! पोरींना हसू आवरेना. पहिल्या झटक्यात मी मागं वळून बघितलं आणि खोडाला खांदा धडकला. तेवढ्यात कुणीतरी पाठीत चापट मारली, "सर बाद!"

दुसऱ्या वेळी जागच्या जागी उभा राहिलो. खाली वाळकी पानं. डावीकडं कुरकुर झाली. मग थांबली. मग जवळ. डोळ्यांना काहीच कळलं नव्हतं, कानाला सगळं कळत होतं.

म्हणजे ती ऐकून पळायची. पाय, धाप, खोचा आवाज. आणि मी शहाणा, दोन वर्षं तिची मान धरून मागं वळवून राहिलो.

सदऱ्याला केळीचा चीक लागला. मंगल म्हणाली, "गेला सदरा. हा डाग जात नसतो, कितीबी घासा."

१० नोव्हेंबर, सोमवार

व.ला सांगितलं, आजपासून मागं बघायचं नाही. "बरं सर." पळाली आणि बघितलंच. पुन्हा, पुन्हा बघितलं. शेवटी स्वतःच्याच मानेवर चापट मारून घेतली तिनं. "बघू नको म्हणलं की जास्तच वळती सर." पस्तीस सेकंद.

शिकवायला दोन वर्षं लागली. घालवायला वीस दिवस आहेत. कसं करावं?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज जे केलं ते लिहायची लाज वाटते. तिच्या डोळ्यांवर ओढणी बांधली. म्हटलं, आता आपोआप ऐकशील. चार पावलं गेली आणि खांबावर आदळली. नाकातून रक्त. पोरी धावल्या. कुणीतरी बाटलीतलं पाणी ओतलं. "काई न्हाई सर, काई न्हाई," तीच मला सांगून राहिली. नाक मोडलं नाही, डॉक्टरनं बघितलं.

घरी सगळं सांगितलं. मंगल भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पुन्हा शिकवलंतच ना तिला काहीतरी?"

राग आला. खरं बोलली म्हणून जास्त आला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

व. चार दिवसांनी मैदानावर आली. नाक सुजलेलं. बाकीच्या वॉर्मअपला गेल्यावर नळापाशी तिला गाठलं. सव्वीस वर्षांत कुठल्या पोरीला असं बोललो नव्हतो. म्हटलं, "वर्षा, चूक तुझी नव्हती. तू बरोबर पळत होतीस. मीच बिघडवलं."

"असं नका म्हणू सर."

"म्हणू दे. खरं आहे ते."

बाटली भरून वाहायला लागली तरी नळ बंद करायचं भान नाही तिला. मग खाली बघूनच म्हणाली, "सर, एक बोलू का? रागावणार न्हाई ना?"

"बोल."

"मान वळती ती तुमच्या आवाजानं वळती. तुम्ही मैदानाच्या कडंला दिसले की आधीच वाटतं, आता वरडतील. मग पायांचा आवाजच येत न्हाई मला. तुमचाच येतो."

नळ मी बंद केला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गप्प बसायचा सराव चालू आहे. माझा! खिशात शेंगदाणे ठेवतो, तोंड भरून. तरी आज दोनदा "अगं—" निघालंच, दाणे उडाले. पोरी फिदीफिदी हसल्या, व.पण. लई दिवसांनी हसली.

१ मि. ४०. मग २ मि. ३०. मग परत ४५ से. चेहरा उतरला तिचा. मी काही बोललो नाही, तीन बोटं वर करून दाखवली, तीन मिनिटं होतील अशी. होतील का, देव जाणे.

दुपारी जुन्या वह्या पुन्हा काढल्या. 'सुधारणे' मोजायला लागलो आणि सोडून दिलं. एक पोरगी डाव्या पायावर वळायची, तिला उजवा लावला. दुसऱ्याच वर्षी तिनं येणं बंद केलं. तेव्हा लिहून ठेवलंय, "जिद्द नाही." आज मुखेडकडे कुठं तरी असते म्हणतात. तिला काय सांगू आता? आणि कोणत्या तोंडानं?

काहींचं खरंच सुधारलं, तेही लिहायला पाहिजे. पण आज त्यांची नावं आठवून बरं वाटत नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

लातूर. सकाळच्या एसटीनं लोहा, अहमदपूर, चाकूर करत आलो. व.ची आई सोबत आहे. डब्यात केळीच्या पानात बांधून भाकरी. चाकूरला गाडी थांबली तेव्हा व. म्हणाली, "सर, तिथं मॅट हाय म्हणे. मातीसारखा आवाज यील का?"

हीच भीती मलापण होती, बोललो नव्हतो. आपल्याकडं माती. मॅटवर पाय वाजतात कुठं?

संध्याकाळी सरावाला अर्धा तास मिळाला. मी लांब, पायऱ्यांवर. पळून आली, धापा टाकत. "येतो सर आवाज. बारीक येतो. आजूबाजूला गप असलं तर येतो."

तिनं मला म्हणून म्हटलं नसेल. मी मला म्हणूनच ऐकलं.

३० नोव्हेंबर, रविवार

गेटाबाहेर चहाच्या टपरीवर बसून लिहून राहिलो. आत गेलो नाही. सकाळी व.च्या आईनं विचारलं, "सर, तुम्ही न्हाई येत?" म्हटलं, तुम्ही बसा आत, पोरीला दिसा. माझं इथं बरं आहे. व.नं पाया पडायला हात खाली नेला, मी मध्येच धरला. "जा." एवढंच. ती हसली की नाही, बघितलं नाही.

११.२० ला तिची तुकडी उतरणार होती. शिटी ऐकली. घड्याळ लावलं.

आत सगळ्यांचे सर ओरडून राहिले. "डावीकडं! अगं बघ! मागं बघ!" केवढा गलका. यात कुणाला काय ऐकू येणार? माझ्या एकट्याच्या गप्प बसण्यानं काय होतं? सव्वीस वर्षं मीपण त्यातलाच.

एक मि. दहा से. शिटी. कुणीतरी बाद. तिघी उतरल्या होत्या, आता दोघी आहेत आत.

दोन मि. पाच से. पुन्हा शिटी. दुसरी गेली. म्हणजे एकच राहिली. ती का?

टपरीवाला म्हणाला, "सर, चहा निवून राहिला." राहू दे.

दोन मि. पन्नास. गलका वाढला. कुणाचं तरी नाव घेऊन राहिलेत, नीट कळेना. डोळे मिटले. नुसतं ऐकलं. तरी कळेना, मला सवय नाही ना.

तीन मि. पंधरा. शिटी नाही.

मान गेटाकडं वळायला लागली. वळवली नाही.